चारुता पेंढारकर इथे राहत नाही

मार्चमध्ये आमच्या दारात जो माणूस आला, त्याच्याशी मी खोटं बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते. नंतर इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी तिखटमीठ लावून काय काय पसरवलं, त्याला माझा इलाज नाही.

दुपारचे दोन वाजले होते. डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉयमधला मार्च म्हणजे ड्राइव्हवेवर अर्धवट वितळलेला काळपट बर्फ आणि माझे ठणकणारे गुडघे. मी कणीक मळत होते. बेल वाजली म्हणून पिठाच्या हातांनीच दार उघडलं. बाहेर पन्नाशीचा एक गोरा माणूस, हातात क्लिपबोर्ड. या नावाची बाई इथे राहते का, असं म्हणत त्याने कागदच माझ्यापुढे धरला. स्वच्छ टाइप केलेलं होतं आणि माझ्या नाकावर चष्मा होता. चारुता व्ही. पेंढारकर. खाली आमचा पत्ता.

"नाही," मी म्हटलं.

"पूर्वी कधी राहत होती?"

"कधीच नाही. ब्याऐंशी सालापासून हे घर आमचं आहे."

"तुमच्या ओळखीत, आजूबाजूला, या नावाची कोणी?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण गप्प बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. मी म्हटलं, "हे पाहा, या गावातलं एकूण एक मराठी घर मला माहीत आहे. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची मुलगी कितवीत आहे, कोणाला शुगर आहे, काय ते विचारा. चारुता पेंढारकर नावाची बाई ट्रॉयमध्ये नाही."

त्याने ते सगळं लिहून घेतलं. "तुमचं नाव घालू का यात?"

"घाला की. डॉक्टर पद्मजा खरे."

तो थँक यू म्हणून गेला. मी पोळ्या केल्या आणि विसरून गेले.

मी निवृत्त भूलतज्ज्ञ. "तीस वर्षं लोकांना झोपवलंस, आता घरोघर जागं करत फिरतेस," असं माझा नवरा जगन्नाथ म्हणतो. तो गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेला इंजिनियर, महिन्यातून चार वाक्यं बोलतो, त्यातलं हे एक. आमचे दोन्ही मुलगे दूर आहेत आणि फोनवर "आय ॲम फाइन, आई" याच्या पलीकडे जात नाहीत. मग नव्याने येणाऱ्या मराठी जोडप्यांचं मी बघते. कुकर कुठे मिळतो, डेंटिस्ट कोण चांगला, ड्रायव्हिंगची टेस्ट कुठे सोपी असते. त्यातही पोरींकडे माझं जास्त लक्ष. या पोरी नवऱ्याच्या व्हिसाला लटकून येतात. तिकडे नोकऱ्या करत होत्या, इथे काम करायची परवानगी नाही. नवरा आहे तोवर व्हिसा. मी प्रत्येकीला बजावते, कागदपत्रं आपल्या ताब्यात ठेवा गं बायांनो.

श्रीरंग ओक आणि त्याची बायको स्वानंदी असेच दोन हजार चारमध्ये आले. अपार्टमेंट मिळेपर्यंत पाच महिने आमच्या बेसमेंटमध्ये राहिले. श्रीरंग पुण्याचा, गोड बोलणारा, भांडी घासायला पुढे येणारा. स्वानंदी सांगलीची, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, आणि महा वाद घालणारी. माझी आमटी फार गोड होते, हे माझ्या तोंडावर सांगणारी ती पहिलीच. मला ती फार आवडली, स्पष्टच सांगते. अपार्टमेंटमध्ये गेल्यावरही दर शुक्रवारी ती माझ्याकडे यायची. श्रीरंग ऑफिसला जाताना सोडायचा आणि सहा वाजता न्यायला यायचा.

दोन हजार आठच्या जूनमध्ये ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. डेट्रॉइटच्या युनिव्हर्सिटीत तिला पब्लिक हेल्थला ॲडमिशन मिळाली होती, असिस्टंटशिपसकट. चार वर्षं घरात बसून ती त्या एका पत्राची वाट बघत होती. आणि आता श्रीरंगने डेन्मार्कमध्ये नोकरी घेतली होती, पवनचक्क्यांच्या कंपनीत. इथे गाड्यांच्या कंपन्या माणसं काढत होत्या, तेव्हा त्याचंही चुकत नव्हतं.

"तो म्हणतो, तू आधी सांगलीला जा. मी तिकडे घर बघतो, तुझे पेपर्स करतो आणि दोन महिन्यांनी तुला बोलावतो," ती म्हणाली. "काकू, मी इथेच थांबून शिकू का?"

आणि मी शहाणी काय म्हटलं असेन? म्हटलं, "अगं, कॉलेजं काय तिकडे नसतात? एवढासा देश, पण शिक्षणाला चांगला. नवरा एकीकडे आणि तू एकीकडे, हे काही खरं नाही. जा त्याच्याबरोबर. ॲडमिशन कॅन्सल करून टाक."

तिने पहिल्यांदाच माझ्याशी वाद घातला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी ती दुपारी आली. रविवारी तिचं मुंबईचं फ्लाइट होतं. शनिवारी आमच्या डेकवर सेंड-ऑफ ठेवला होता, तीस माणसं, मी श्रीखंडासाठी दही टांगलं होतं. पण त्याआधी माझा नियम. कोणतीही पोरगी देश सोडून निघाली की तिच्या सगळ्या कागदांच्या तीन कॉप्या काढायच्या. एक बॅगेत, एक आईवडिलांकडे, एक माझ्या फायलींच्या कपाटात. जगन्नाथचं जुनं कॉपी मशीन बेसमेंटमध्ये आहेच. सगळ्या जणींच्या कॉप्या माझ्याकडे होत्या, फक्त स्वानंदीच्या नव्हत्या. दर वेळी म्हणायची, "पेपर्स श्रीरंगकडे असतात काकू." आता विमानात बसायचं म्हणून त्याने पासपोर्ट तिच्या हातात दिला होता.

मशीन गरम होत होतं. मी तिचा पासपोर्ट उघडून काचेवर पालथा घालणार, तेवढ्यात नाव दिसलं.

"हा कोणाचा पासपोर्ट आणलास गं?"

"माझाच."

"यावर चारुता आहे. चारुता विष्णू पेंढारकर."

"माझंच नाव ते काकू, माहेरचं. स्वानंदी श्रीरंगच्या आईंनी ठेवलं. लग्नात तांदळात लिहिलं ना त्याने! पासपोर्ट आधीचा होता, बदलायचा राहिला. म्हणून व्हिसा, लायसन्स, सगळं चारुताच आहे." ती हसली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षं माझ्या टेबलावर जेवलेल्या पोरीचं नाव मला माहीत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मशीनने कोरा कागद बाहेर टाकला तरी मी पासपोर्ट धरून तशीच उभी. डोळ्यांपुढे तो क्लिपबोर्ड आला.

"काकू? बसा बघू आधी. काय होतंय?"

"स्वानंदी, मार्चमध्ये तुला शोधत एक माणूस आला होता," मी म्हटलं. "माझ्याकडे. कागद घेऊन."

अमेरिकेत क्लिपबोर्ड घेऊन, नाव विचारत, आपलं नाव लिहू का म्हणत दारात कोण येतं, हे छत्तीस वर्षं इथे काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. हॉस्पिटलात असताना मला दोनदा कोर्टाचं बोलावणं आलं होतं, अशाच माणसाच्या हातून. त्या दिवशी ते कसं सुचलं नाही, देव जाणे. आपलं नाव नाही म्हटल्यावर आपल्याला काय करायचंय, असंच वाटलं असेल.

पावणेचार झाले होते. कोर्टाचं ऑफिस साडेचारला बंद होतं. मी काउंटीच्या कोर्टात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. क्लार्क बाई आवाजाने तरी भली वाटली. मी दोघांची नावं दिली. तिने टाइप केलं. मग म्हणाली, हो, ओक विरुद्ध पेंढारकर, डिव्होर्सची केस आहे. फेब्रुवारीत दाखल झाली. प्रतिवादी पत्त्यावर सापडली नाही म्हणून पेपरात नोटीस छापली. ती आली नाही. तीन जुलैला जजमेंट झालं.

"म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे डिव्होर्स झालेला आहे, मॅम. आणखी काही मदत हवी आहे?"

बाई गं! मी आयुष्यात ऑपरेशन टेबलावर माणसं जाताना पाहिली आहेत. त्या फोननंतर मी जशी हादरले तशी कधी हादरले नव्हते. आणि ती पोरगी बेसमेंटच्या पायरीवर बसली होती, त्याच पायरीवर, जिथे ती चार वर्षांपूर्वी कपड्यांच्या घड्या घालत बसायची.

"तीन जुलै," ती म्हणाली. "तीन जुलैला गुरुवार होता. मी त्याला डब्यात मसालेभात दिला होता. चार तारखेला आम्ही फटाके बघायला गेलो." मग म्हणाली, "काकू, तीन आठवडे मी कोणाच्या घरात राहतेय?"

मी तिला जवळ घेतलं तर तिचं अंग लाकडासारखं झालं होतं. रडली नाही. मीच रडले.

मग मी मार्चमधलं सगळं तिला सांगितलं. कणीक, क्लिपबोर्ड, एकूण एक मराठी घर मला माहीत आहे ही माझी फुशारकी, शेवटी दिलेलं नाव. काही लपवलं नाही. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तो पत्ता त्यानेच दिला असेल ना? तुमचा?"

दुसरं कोण देणार?

सहा वाजता श्रीरंग नेहमीसारखा आला. बूट काढले, नीट ओळीत ठेवले. "काकू, पाणी मिळेल?" म्हणाला. मग त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पासपोर्ट दिसला, त्याच्याशेजारी मी क्लार्कचं बोलणं टिपून घेतलेला कागद दिसला, आणि त्याने पाण्याचा नाद सोडला.

"तिला एका घरात ठेवून, तिच्या हातचं जेवून तू केस केलीस?" मी विचारलं. माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल. "लाज नाही वाटली मेल्या? कोर्टाला सांगितलंस बायको सापडत नाही?"

"काकू, प्लीज, शांतपणे. आमचं जमत नव्हतं. भांडणं, फॅमिली ड्रामा, मला काहीच नको होतं. तिकडच्या फॉर्मवर सिंगल लिहायचं होतं. तिला सांगलीला पोचल्यावर सगळे पेपर्स कुरियरने मिळाले असते."

"मिळाले असते!" ती पहिल्यांदा बोलली. "आईबाबांसमोर उघडलं असतं मी पाकीट."

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच बघत राहिला. "आणि मी इल्लीगल काहीही केलेलं नाही. लास्ट नोन ॲड्रेस विचारला, मी दिला. आम्ही इथे राहत होतोच. कोर्टाच्या माणसाने येऊन चौकशी केली. अशी कोणी बाई नाही हे तुम्ही सांगितलंत काकू, मी नाही. ॲफिडेव्हिटमध्ये तुमचं नाव आहे."

"तुला माहीत होतं मी काय सांगणार ते."

"चार वर्षांत तुम्ही तिला एकदाही विचारलं नव्हतंत," तो म्हणाला. "मी तेवढंच धरून चाललो."

मुस्काटात मारल्यासारखं झालं. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात बसलेला जगन्नाथ उठला. त्याने जाऊन पुढचं दार उघडलं आणि श्रीरंगचे बूट उचलून बाहेर पायरीवर ठेवले.

"श्रीरंग, निघ," तो म्हणाला.

तो गेला. मग मी तिला म्हटलं, "रविवारी तू विमानात बसायचं नाहीस."

"इथे राहू तरी कशी काकू? व्हिसा त्याच्यावर होता."

म्हणून मी शरयू प्रधानला फोन केला. शरयू इथेच जन्मलेली, वकील, तिच्या आईच्या बाळंतपणात भूल मीच दिली होती. ती तासाभरात आली आणि उभ्या उभ्या तिने सगळं ऐकून घेतलं. "काकू, लिसन. हे जजमेंट उभं राहिलं तर शी इज आउट ऑफ स्टेटस, व्हिसा गेला, तीन वीक्सपासून. कॉलेज फिनिश्ड. पण जज्जने ते रद्द केलं तर ती अजून त्याची वाइफ आहे, व्हिसा जिवंत आहे, आणि त्याचा जॉब ऑगस्टच्या पंधरापर्यंत आहे. त्याच्या आत आपण तिचा स्टुडंट व्हिसा फाइल करू शकतो. ॲडमिशन आहे ना अजून?"

मी मान खाली घातली. मीच कॅन्सल करायला लावली होती ना!

"आहे," ती म्हणाली. "मी ते ईमेल पाठवलंच नाही. रोज लिहायची आणि ड्राफ्टमध्ये ठेवायची."

"गुड," शरयू म्हणाली. "काकू, मग सगळं तुमच्या टेस्टिमनीवर आहे. शपथेवर खरं सांगायचं. ऑल ऑफ इट. तुम्हाला ऑकवर्ड वाटलं तरी."

शनिवारचा सेंड-ऑफ मी कॅन्सल केला नाही. तीस माणसं आली, श्रीखंड खाल्लं. श्रीरंग कुठे आहे असं सगळ्यांनी विचारलं आणि मी सगळ्यांना खरं कारण सांगितलं. काही पुरुषांनी, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात, असं म्हणून बघितलं. त्यांना मी दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं नाही. मग बायकांना विचारलं, तुमच्यापैकी कोणाकोणाचं नाव लग्नात बदललंय? अकरा जणींपैकी सात जणींनी हात वर केले. पासपोर्टवर कोणतं आहे हे त्यातल्या दोघींना आठवेनासुद्धा. हात वर करणाऱ्यांत आठवी मी होते, पण मला कोणी मोजलं नाही.

ऑगस्टच्या आठ तारखेला सुनावणी झाली. श्रीरंग त्याच्या वकिलाशेजारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. कोण करून देत होतं इस्त्री आता, असं उगीच मनात आलं. शरयूने मला विचारलं, मी सगळं सांगितलं. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हेही जज्ज बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नुसतं आडनाव नाही? पहिलं नावसुद्धा?"

"हो, युअर ऑनर."

"आणि हे नाव यांच्या बाबतीत कोणी लिहिलं?"

"त्याने," मी श्रीरंगकडे बोट केलं. "जुनं नाव काय होतं, हे इथे फक्त त्यालाच माहीत होतं."

मग त्याचा वकील उठला. शांत, सभ्य माणूस. त्याने विचारलं, "डॉक्टर खरे, ही बाई पाच महिने तुमच्या घरात राहिली. नंतर दर आठवड्याला येत होती. तुम्ही स्वतः डॉक्टर, सुशिक्षित. तिचं खरं नाव तुमच्या कानावर कधीच आलं नाही, यावर आम्ही विश्वास ठेवायचा?"

त्याला वाटत होतं की मी खोटं बोलते आहे, तिला ओळखत होते आणि तरी नाही म्हटलं. मी सरळ "कधीच नाही" म्हणून मोकळी होणार होते. शरयू माझ्याकडे बघत होती. शपथ घेतलेली होती. आणि मला एकदम बेसमेंटचा जिना आठवला. दोन हजार चारची दिवाळी. मी चकल्यांचा डबा घेऊन खाली उतरत होते आणि ती फोनवर होती, पाठमोरी. "आई, चारू बोलतेय," म्हणत होती. "मी चारू. ऐकू येतंय का?"

"आलं होतं," मी म्हटलं. "एकदा. ती तिच्या आईशी बोलत होती, तेव्हा ऐकलं."

कोर्टात सगळे माझ्याकडे बघायला लागले. शरयूचा चेहरा पांढरा पडला.

"मग?" वकील म्हणाला.

"मग काही नाही. मी विचारलं नाही. लाडाचं नाव असेल म्हटलं आणि चकल्या ठेवून वर आले." "माझं स्वतःचं नाव लग्नाआधी शोभना होतं. माझी डॉक्टरकीची डिग्री शोभनाच्या नावाची आहे. ती इथे चालावी म्हणून मी बहात्तर साली वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. तरी मी तिला विचारलं नाही. मार्चमध्ये तुमच्या माणसाने विचारलं तेव्हा मी चारुता पेंढारकरला ओळखत नव्हते. हे शपथेवर सांगते. चार वर्षं ती माझ्या घरी जेवत होती आणि मी तिला ओळखत नव्हते."

वकील खाली बसला.

जज्ज बाईंनी जजमेंट रद्द केलं. नवऱ्याने जाणूनबुजून असा पत्ता आणि असं नाव दिलं, की दारात कोणीही खरं बोललं तरी बायको सापडणार नाही, असं म्हणाल्या. श्रीरंगला वकिलाने हाताला धरून बाहेर नेलं. शरयू त्याच दुपारी व्हिसाचे कागद भरायला धावली.

आम्ही कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो. जगन्नाथ गाडी आणायला गेला होता. तिने माझा हात घट्ट धरला होता आणि आता ती रडत होती, इतक्या दिवसांचं सगळं.

"काकू, तुम्ही खरं बोललात म्हणून मी वाचले," ती म्हणाली.

"मार्चमध्येही मी खरंच बोलले होते गं, चारुता," मी म्हटलं.

तिने माझा हात सोडला नाही, पण मान दुसरीकडे वळवली. जगन्नाथने खालून हॉर्न दिला, तेव्हा आम्ही उठलो.